दहा मिलिलिटरचा गुन्हा

आमच्या शेजारणीने चार वर्षं एक गुन्हा केला. एक दिवसाआड, न चुकता केला. ख्रिसमसला केला, बर्फाच्या वादळात बस बंद होती तेव्हा पायी जाऊन केला, आणि दर वेळी गुन्हा करून घरी आल्यावर हात धुऊन शांतपणे वांग्याची भाजी फोडणीला टाकली. मला हे आधी कळलं असतं तर मी गावभर केलंच असतं. तो माझा स्वभाव आहे, आणि माझ्या बायकोच्या, शुभदाच्या मते आजार. पण कळलं ते थेट पत्र आलं तेव्हा. त्या पत्राने माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही, म्हणून हे लिहितोय. ज्यांना सौम्य, समतोल वगैरे काही वाचायचं असेल त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगत वाचावं.

आमचं लंडन म्हणजे कॅनडातलं, ओंटारिओतलं. राजवाडा नाही, घड्याळ नाही, नदी मात्र आहे आणि तिचं नावही थेम्सच ठेवलंय, म्हणजे हौसेला कमतरता नाही. नदीच्या अलीकडे आमची भिंतीला भिंत लागलेली टाऊनहाऊसं. मी एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो, घरून. घरून काम म्हणजे खिडकीत बसून काम. कोणाकडे नवीन सोफा आला, कोणी विंटर टायर जूनपर्यंत बदलले नाहीत, सगळं मला ठाऊक असतं.

भिंतीपलीकडे राहते यशोधरा गजभिये. वय अठ्ठेचाळीस, मूळची नागपूरची, मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. लग्न केलेलं नाही. का नाही, हे मी नऊ वर्षं आडून आडून विचारतोय. तिने अजून सांगितलेलं नाही, नाहीतर इथे सांगितलं असतं. घरात ती आणि तिची आई कमलाबाई. वडील वाल्मिक गजभिये रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. ते गेल्यावर तिने आईला इकडे आणलं. इकडे एम.एस्सी.चा कागद कोणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. दोन वर्षं तिने कॉफीच्या दुकानात काउंटरवर कप भरले. मग एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायचं काम मिळालं. तिथून टेक्निशियन. भांडी धुणारीच्या हातात पेशी द्यायला त्या लोकांना पाच वर्षं लागली.

या पेशी म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच्या. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी टोपी बसवलीय असं समजा. ती ग्रंथी. ताप आला, अपघात झाला, नुसता बॉसचा ईमेल आला, की ही टोपी रक्तात कॉर्टिसॉल सोडते आणि माणूस उभा राहतो. काहींची ही ग्रंथी बंद पडते, काही बाळं ती बिघडलेलीच घेऊन येतात. त्यांनी जन्मभर घड्याळ लावून गोळ्या खायच्या. पण गोळीला काय कळतं आज ताप आहे की सहल? डोस कमी पडला तर माणूस कोसळतो, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर जातोही. म्हणून यशोधराच्या लॅबमध्ये मूळपेशींपासून ॲड्रिनलच्या पेशी वाढवतात. एक दिवस त्या रोग्याच्या अंगात रोपायच्या, आणि शरीराला लागेल तेव्हा लागेल तेवढं त्यांनीच द्यायचं. तो दिवस लांब आहे. सध्या मजल डुकरांपर्यंत.

मी तिला ग्रंथीबाई म्हणतो. "काय ग्रंथीबाई, आज किती किलो निघाल्या?" असं ड्राइव्हवेवरून ओरडलो की ती म्हणते, "नंदूभाऊ, तुमच्यासाठी जिभेला कुलूप उगवता येते का ते पाहून राहिली मी."

लॅबचे मुख्य म्हणजे प्रोफेसर. त्यांचं नाव मी घेणार नाही. एक पत्र पुरे झालं. आणि त्यांच्या हाताखाली जयदीप, आपला पुण्याचा. पीएच.डी. करून आलेला, तेहतीस वर्षांचा, हुशार, गोड बोलणारा. आल्या आल्या त्याला बेसमेंट यशोधराने शोधून दिलं. विंटर जॅकेट घ्यायला ती त्याच्याबरोबर गेली. दर रविवारी हा तिच्याकडे जेवायला. "यशोधराताई, तुमच्या हातच्या सावजी मटणाला तोड नाही," असं म्हणत तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. एकदा मंडळाच्या गणपतीत कोणीतरी त्याला विचारलं, गजभियेबाई पण तिकडेच सायंटिस्ट आहेत ना? तेव्हा हा हसून म्हणाला, "ताई टेक्निशियन आहेत. सायंटिस्ट नाही." अगदी बरोबर बोलला. पगारपत्रकावर तसंच आहे. पण मी तिथे पेढा खात उभा होतो, आणि उरलेला अर्धा पेढा मी प्लेटमध्येच ठेवला.

फेब्रुवारीत यशोधराच्या भाच्याचं, कपिलचं, लग्न निघालं. नऊ वर्षांत पहिल्यांदा यशोधराने सलग तीन आठवडे सुट्टी घेतली. आईला घेऊन नागपूरला गेली. जाताना दोघांना कामं नेमून दिली. मला त्यांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसायचं होतं, जयदीपला पेशी सांभाळायच्या होत्या. तीन आठवड्यांत पाच वेळा बर्फ पडलं. माझी कंबर वाकली पण ड्राइव्हवे स्वच्छ राहिला. पेशी मेल्या.

एक-दोन बाटल्या नव्हे. डुकरांच्या प्रयोगासाठी वाढवत आणलेली अख्खी खेप. जयदीपने सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. प्रोटोकॉलच्या चौदा पानांची त्याने भिंतीवर प्रत चिकटवली होती म्हणे. पेशी आधी सुस्तावल्या, मग गोळा व्हायला लागल्या, मग तळाचा आधार सोडून तरंगायला लागल्या. तरंगली की संपली.

यशोधरा परत आली तेव्हा बॅगेतल्या चिवड्याला हवा लागायच्या आत लॅबमध्ये गेली. जयदीपने विचारलं, ताई, तुम्ही वेगळं काय करता? तिने सांगितलं. लपवण्यासारखं त्यात होतं काय? या पेशी चपट्या बाटल्यांत राहतात आणि त्यांना एक दिवसाआड लालसर पातळ खाद्य बदलून द्यावं लागतं. पुस्तक म्हणतं, जुनं सगळं काढा, नवं पंधरा मिलिलिटर घाला. कोविडच्या वेळी खाद्याच्या बाटल्या वेळेवर येईनात, तेव्हा पुरवून वापरायला म्हणून यशोधराने पाच मिली जुनं तसंच ठेवून वर नवं दहा घालायला सुरुवात केली. आणि पाहते तर पेशी आधीपेक्षा बऱ्या. चिकटून बसलेल्या, टवटवीत. त्या आपापसांत काहीतरी सोडतात त्या पाण्यात, एकमेकींना लागतं ते. सगळं उपसलं की पोरक्या होतात. मग पुरवठा सुरळीत झाल्यावरही तिने पाच जुनं, दहा नवं हेच चालू ठेवलं. लॅबचे चार वर्षांतले सगळे चांगले निकाल त्या पाच मिलीवर उभे होते.

जयदीपने ऐकून घेतलं. "ओह. इंटरेस्टिंग," म्हणाला. त्या रविवारी जेवूनही गेला. आणि सोमवारी त्याने प्रोफेसरांना ईमेल लिहिला.

एप्रिलच्या शेवटी पत्र आलं. मी ते स्वतः वाचलंय, तीनदा. ठरलेल्या पद्धतीपासून जाणूनबुजून फारकत. ती फारकत वरिष्ठांपासून लपवून ठेवणं. त्यामुळे संस्थेच्या संशोधनाचं नुकसान. दहा दिवसांनी सुनावणी, आणि सुनावणीअंती नोकरी समाप्त होऊ शकते.

आता मला सांगा. एक बाई चार वर्षं पेशी जगवते. एक बुवा तीन आठवड्यांत मारतो. पत्र कोणाला? जगवणारीला! कारण मारणाऱ्याने पुस्तकाप्रमाणे मारल्या होत्या.

मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. हो, टाकलं, तिने टाकू नका म्हणून सांगितलं होतं तरी टाकलं. वाटलं, आपले लोक पेटून उठतील. प्रताप म्हणाला, "बॉसशी वाकडं कशाला घ्यायचं? दुसरीकडे अप्लाय कर म्हणावं." उल्काने हात जोडलेली चिन्हं पाठवली. एकाने लिहिलं, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. दुसऱ्या बाजूने, म्हणजे जयदीपने, तोवर सिंहगडाचा जुना फोटो टाकून सुप्रभात केलं होतं. यशोधराच्या आंबेडकर संघटनेतून मात्र तिला धम्मप्रियाचा फोन आला, टोरोंटोहून. तिने एकच विचारलं, "कर्मचारी संघटनेची मेंबर आहेस ना? मग उद्या सकाळी त्यांना फोन कर. रडायचं नंतर." त्यातून जोन नावाची एक उंचपुरी बाई कर्मचारी संघटनेकडून यशोधराच्या बाजूने उभी राहिली.

पण खुद्द यशोधरा? तिचं म्हणणं, चूक माझीच.

सुनावणीच्या आदल्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. म्हणजे कोथिंबीर मागायला. कमलाबाई किचनमध्ये खाली जाहिरातींचे कागद पसरून वांग्या-मिरचीची रोपं छोट्या कपांतून मोठ्या कपांत हलवत होत्या. मेचा लाँग वीकेंड झाल्याशिवाय इथे बाहेर काही लावता येत नाही, तोवर रोपं घरातच मोठी करायची.

"काहून गा नंदू, दारातूनच का पाह्यतं? ये ना आतमंदी. कोथमीर नाही, आधीच सांगते."

"मावशी, तुम्हाला कसं कळलं कोथिंबीर पाहिजे?"

"तुले दुसरं काय सुचते?" त्यांनी एक रोप अलगद उचललं, मुळाशी मातीचा गोळा तसाच. "अन् ते पोरगी पाय, टेबलापाशी. सकाळपासून एकच कागद लिहून राहिली."

यशोधरा माफीनामा लिहीत होती. मजकूर तिचा नव्हता. जयदीपने फोनवर पाठवला होता. वर दोन ओळी: ताई, मनावर घेऊ नका, सॉरी लिहून टाका, वॉर्निंगवर मिटेल, मी सरांशी बोललोय. प्रोसेस इज प्रोसेस. आणि खाली इंग्रजीत, मी ही फारकत माझ्या वरिष्ठांपासून लपवून ठेवली याबद्दल मला खेद आहे.

"यावर सही करणार तू?" मी विचारलं.

"मग काय करू, नंदूभाऊ? पद्धत बदलली तर लिहून द्यायचं असते. फॉर्म असतो त्याचा. मी नाही भरला."

"का नाही भरला?"

"सरांनी बनवलेला प्रोटोकॉल. त्यात चूक आहे म्हणून मी फॉर्म भरायचा? मी? बरं दिसते का ते? तोंडी सांगितलं होतं ना मी त्यांना. लिफ्टपाशी. म्हटलं, सर, थोडं जुनं ठेवलं की पेशी चांगल्या राहतात. ते म्हणाले, इंटरेस्टिंग, व्हेरी इंटरेस्टिंग. अन् लिफ्ट आली. मला वाटलं, हो म्हणाले."

अरे देवा. मोठ्या माणसाची चूक कागदावर दाखवायची नाही, कानात सांगायची, आणि त्याने मान हलवली की परवानगी समजायची. आपल्याकडच्या शाळेत, घरात, कचेरीत हेच शिकवलं ना आपल्याला! मीसुद्धा इथे पहिली पाच वर्षं मॅनेजरला चुका लंच टाइममध्ये हळूच सांगत होतो आणि परफॉर्मन्स रिव्ह्यूमध्ये शून्य खात होतो.

"आमचा माणूस चुकला का सगळ्याईले दिसते," कमलाबाई खालूनच म्हणाल्या. "बरोबर केलं तवा कोणी पाह्यत नाही. त्या जयदीपले तिसऱ्यांदा मटन वाढत होती मी. मुळाचीच माती झटकली त्यानं."

"आई, तू नको बोलू त्याला. त्यानं जे झालं तेच लिहिलं."

"यशोधरा," मी म्हटलं, "एक मिनिट. हे 'लपवून ठेवली' म्हणजे काय? तू रोजच्या रोज वहीत लिहितेस ना काहीतरी?"

"लॅबची वही असते. लिहावंच लागते."

"मग त्या वहीत काय लिहिलंस?"

"म्हणजे?"

"अगं, खाद्य किती घातलं ते लिहिलं असशील."

"लिहिलंच ना. जेवढं घातलं तेवढं. दहा मिली."

"पुस्तकात किती आहे?"

"पंधरा."

"आणि तू चार वर्षं वहीत लिहितेस, दहा."

"खोटं कशाला लिहू? दहा घातलं त दहाच लिहीन." ती चिडली. रागावली की तिचं नागपूर बाहेर येतं.

मी सॉफ्टवेअर तपासतो. लोकांनी न वाचलेले लॉग वाचून माझं घर चालतं. "आणि ती वही बघतं कोण?"

"सर. दर पानाखाली सरांची सही लागते. नियम आहे."

कमलाबाईंच्या हातातलं रोप तसंच अधांतरी राहिलं.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "चार वर्षं सह्या करून राहिला, अन् वाचलंच नाही बाप्पा त्यानं?"

यशोधराने पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. ती नऊ वर्षांत पहिल्यांदा रागावलेली दिसली. माझ्या थट्टेवर रागावते ती नव्हे, खरी. "मी त्या पानांवर अक्षर नीट काढत होती, नंदूभाऊ," ती म्हणाली. "सरांना वाचायला त्रास नको म्हणून."

वह्या घरी आणायची परवानगी नसते. तिने तिथल्या तिथे जोनला फोन केला आणि सांगितलं, सुनावणीत वह्या मागा. सगळ्या.

सुनावणीच्या दिवशी मी तिला गाडीने सोडलं आणि पार्किंग लॉटमध्ये बसून राहिलो. आत काय झालं ते तिने परतीच्या वाटेवर सांगितलं, जे सुटलं ते जोनने नंतर सांगितलं, आणि दोघींकडून जे सुटलं ते मी विचारून विचारून काढलं.

टेबलाच्या त्या बाजूला प्रोफेसर, जयदीप आणि एचआरची बाई. या बाजूला जोन आणि यशोधरा. मध्ये वह्यांचा गठ्ठा, अकरा वह्या. जयदीपने आधी पत्रातलं सगळं वाचून दाखवलं, आवाज दुखावलेला: आम्ही एक टीम आहोत, विश्वासाचा प्रश्न आहे. विश्वासाचा! सावजी पचवून!

जोनने एक वही उचलली, मधूनच उघडली आणि प्रोफेसरांपुढे सरकवली. "हा आकडा वाचाल का?"

"दहा," प्रोफेसर म्हणाले.

दुसरी वही. "हा?"

"दहा."

"आणि ही?"

प्रोफेसरांनी तिसऱ्या वेळी आकडा वाचला नाही. चष्मा काढला.

"तुमच्या प्रोटोकॉलमध्ये पंधरा आहे. इथे सहाशेच्या वर नोंदी आहेत, एकूण एक दहाच्या. प्रत्येकीखाली ही सही कोणाची?"

"माझी. पण ती औपचारिकता असते. मी प्रत्येक ओळ वाचत बसलो तर संशोधन कधी करणार?"

"सहीच्या वर छापलेलं आहे, 'वाचले व समजले'," जोन म्हणाली. "मग यांनी लपवलं ते नेमकं कोणापासून?"

एचआरच्या बाईने पाण्याचा ग्लास उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. तेव्हा प्रोफेसर यशोधराकडे वळून, अगदी घरच्यासारखं, म्हणाले की, तू माझ्याशी बोलायला हवं होतंस.

"बोलले होते, सर. लिफ्टपाशी."

"मला आठवत नाही."

"वहीत आहे ते तरी आठवायची गरज नाही, सर," यशोधरा म्हणाली. हे तिने मला गाडीत सांगितलं तेव्हा मी लाल सिग्नलवर हॉर्न वाजवला. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने मला मधलं बोट दाखवलं. दाखवू दे.

दोन दिवसांनी ईमेल आला. एक ओळ. अमुक तारखेचं पत्र मागे घेण्यात येत आहे. संपलं. चूक झाली नाही, वाईट वाटलं नाही, आभार नाहीत. टपरीवाला चुकीचा चहा देतो तेव्हासुद्धा याहून जास्त बोलतो.

मला वाटलं होतं ती नोकरी सोडेल. मी तर राजीनाम्याचा मजकूर मनात तयारही केला होता, त्यात दोन चांगल्या शिव्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई डबा घेऊन निघाली.

"अगं, जातेस कुठे? तोंडावर मार ना त्यांच्या!"

"नवीन खेप लावलीय, नंदूभाऊ. आज खाद्य बदलायचं आहे. पेशींनी माझं काय केलंय?"

"मग पूर्वीसारखंच?"

"पूर्वीसारखं कसं होईल?" ती म्हणाली आणि बसस्टॉपकडे गेली.

लाँग वीकेंडच्या रविवारी जयदीप आला. हातात मिठाईचा बॉक्स. मी अंगणात कमलाबाईंना वाफे खणून देत होतो. आम्ही दोघं लगेच हातपाय धुऊन त्याच्या मागोमाग आत गेलो. असा प्रसंग सोडायला मी काही संत नाही.

"ताई, जुनं सगळं विसरून जाऊ या," तो म्हणाला. "आपण सगळे एकाच बोटीत आहोत. सरांनी प्रोटोकॉलची नवी आवृत्ती करायला सांगितलीय. तुमचा पॉइंट मी घेतलाय त्यात. फक्त इथे खाली इनिशियल करा, पेशी सांभाळणाऱ्याची सही लागते, की मंगळवारपासून आम्ही सगळे तसंच करू."

यशोधराने कागद घेतला. चष्मा लावला. आणि वाचायला लागली. पहिल्या पानापासून, सगळी पानं. जयदीपने फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. कमलाबाईंनी त्याला पाणी दिलं. फक्त पाणी.

"पान अकरा," यशोधरा म्हणाली. "एक तृतीयांश जुनं खाद्य राखणे. बरोबर आहे. पहिल्या पानावर 'तयार करणार' म्हणून तुझं नाव आहे."

"डॉक्युमेंट मी तयार केलं ना, ताई. टाइप मी केलं."

"अन् टाइप करायला सांगितलं कोणी, पेशींनी?" मी म्हटलं.

"नंदूकाका, प्लीज, हा टेक्निकल विषय आहे."

"माझं नाव कुठे आहे?" यशोधराने विचारलं.

"शेवटी. आभार. तुम्ही आणि ग्लासवेअर स्टाफ."

मी तोंड उघडलं. कमलाबाईंनी माझा दंड दाबला. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत एवढी ताकद असते हे मला ठाऊक नव्हतं.

यशोधराने पेन घेतलं. पहिल्या पानावरचं जयदीपचं नाव एका सरळ रेघेने खोडलं, लॅबमध्ये खोडतात तसं, खालचं वाचता येईल असं. वर लिहिलं: यशोधरा वाल्मिक गजभिये, एम.एस्सी. बाजूला तारीख. मग खाली 'तपासणार' अशी रिकामी जागा होती, तिथे बोट ठेवलं.

"इथे तुझं नाव घाल. तीन आठवडे तू तपासलंस ना, जुनं ठेवलं नाही तर काय होते ते."

जयदीप लालबुंद झाला. "ताई, हे सरांना अप्रूव्ह करावं लागेल. ते करतील असं मला वाटत नाही. आणि पेपर जाईल तेव्हा ऑथर कोण, हा तर वेगळाच प्रश्न आहे."

"पेपरचं पेपरच्या वेळी. तेही मी लिहूनच विचारीन. आत्ता हे घेऊन जा. माझ्या नावाशिवाय मी इनिशियल करणार नाही, अन् माझ्या इनिशियलशिवाय तुम्हाला मंगळवारी पंधरा मिलीच घालावं लागेल." ती कागद त्याच्याकडे देत म्हणाली, "जूनच्या शेवटी डुकरं यायची आहेत ना? सरांना म्हणावं, सही करा, पण वाचून करा."

तो उठला. बूट घालताना दाराशी अडखळला. बॉक्स टेबलावरच राहिला होता. कमलाबाईंनी तो त्याच्या हातात दिला. "घेऊन जा बाबू. आमच्याकडे गोड कोणी खात नाही." हे साफ खोटं आहे. मी खातो.

त्या मंगळवारी लॅबमध्ये कोणी किती खाद्य घालायचं यावरून बरीच गंमत झाली असणार, ती मला मिळवता आली नाही. एवढं खरं की शुक्रवारी प्रोटोकॉलची सातवी आवृत्ती सही होऊन आली. तयार करणार, यशोधरा वाल्मिक गजभिये. तपासणार, जयदीप. प्रत्येक पानावर प्रोफेसरांची आद्याक्षरं, आणि पान सहावर त्यांच्या हाताने दुरुस्त केलेली तापमानाची एक चूक. म्हणजे माणसाला वाचता येतं!

पेशी ठीक आहेत. जूनच्या शेवटी त्यांतल्या काही डुकरांच्या अंगात गेल्या. पुढे काय होतंय ते कळायला वेळ लागेल, आणि कळलं तरी यशोधरा मला सांगणार नाही. ग्रुपवरचा राग तिने अजून धरलाय. रास्त आहे.

माफी? ती कोणीही मागितलेली नाही. प्रोफेसर कॉरिडॉरमध्ये "गुड मॉर्निंग, यशोधरा" जरा मोठ्याने म्हणतात, तेवढ्यावर भागवायचा विचार दिसतो. मी तिला म्हटलं, असल्या माणसांना काय सोडतेस? लिफ्टमध्ये गाठ आणि विचार तोंडावर.

"लिफ्टमध्ये नाही विचारायचं, नंदूभाऊ," ती म्हणाली. "ईमेल केलाय. पत्र लेखी आलं होतं, त माफी पण लेखी पाहिजे. एचआरला, जोनला, सगळ्यांना कॉपी."

"उत्तर?"

"नाही आलं. म्हणून दर सोमवारी तोच पाठवते. वर फक्त तारीख बदलते."

काल नववा सोमवार होता.